गृहपाठ कुठे गळतो ते आधी पाहा, पैसे मग काढा

"आज काही दिलंच नाही," असं मूल सांगतं आणि चार दिवसांनी डायरीत लाल शेरा येतो. डिस्लेक्सिया, डिसग्राफिया किंवा एडीएचडी असलेल्या मुलांच्या घरी हे वरचेवर घडतं. मूल खोटं बोलत नसतं. फळ्यावरचं उतरवताना हात मागे पडतो, तेवढ्यात घंटा होते नि फळा पुसला जातो. तोंडी सूचना दप्तर भरेपर्यंत विसरली जाते. पालक घाबरून शिकवणी लावतात, पण उद्या काय द्यायचंय हे शिकवणीच्या बाईंनाही ठाऊक नसतं.

गृहपाठ तीन ठिकाणी गळतो: लिहून घेताना, घरी करताना आणि शाळेत परत देताना. आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा. गळती जिथे असेल तिथेच खर्च करा. खालचे आकडे अंदाजे आहेत, गावागणिक थोडे बदलतील.

लिहून घेताना: खर्च शून्य
वर्गशिक्षकांना भेटा आणि एकच मागणी करा: शाळा सुटण्याआधी मुलाच्या डायरीवर नजर टाकून सही करावी. शेजारी बसणाऱ्या मुलाची वही पाहून डायरी पूर्ण करण्याची मुभाही मागा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विसंबू नका. शंभर निरोपांत गृहपाठ हरवतो.

घरी करताना: ३५० ते ७०० रुपये
छोटा पांढरा फळा (२०० ते ४००) अभ्यासाच्या जागी टांगा. त्यावर फक्त आजची कामं लिहा. झालेलं काम मुलानं स्वतः पुसायचं. स्वयंपाकघरातला टायमर (१५० ते ३००) पंधरा मिनिटांवर लावा, मग पाच मिनिटं सुट्टी. प्रकल्पासाठी वाण्याकडून मिळालेलं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर पुरतं. "२० तारखेला प्रकल्प" एवढंच न लिहिता साहित्य, चित्रं आणि लेखन यांना वेगवेगळे दिवस द्या. वाचन जड जात असेल, तर फोनमधली मजकूर वाचून दाखवण्याची सोय फुकट आहे.

परत देताना: १०० रुपयांच्या आत
दोन रंगांचे फोल्डर घ्या: एक "करायचं", दुसरा "द्यायचं". खाकी कव्हरातल्या सगळ्या वह्या सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक विषयाच्या वहीच्या कण्यावर वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवा.

तपासणी आणि प्रमाणपत्र
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया यांसारख्या अडचणींचा, समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी किंवा पालिका रुग्णालयाची वाट धरा. मुंबईत शीव रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तिथे पैसे थोडे लागतात, खेपा मात्र जास्त होतात, म्हणून दहावीपर्यंत थांबू नका. खासगी तपासणीला काही हजार मोजावे लागतात. तो अहवाल शाळा आणि परीक्षा मंडळ स्वीकारेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा. प्रमाणपत्रामुळे मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्याच आधारावर रोजच्या गृहपाठातही सवलत मागा: दहाऐवजी पाच गणितं, लेखी उत्तराऐवजी तोंडी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

रेमिडियल शिकवणी
सगळ्यात मोठा खर्च हाच, कारण तो दर महिन्याचा असतो. वाचन-लेखनाचा पाया कच्चा असेल, तर हा खर्च करायलाच हवा. पण शिक्षकांचं विशेष शिक्षणातलं प्रशिक्षण विचारा आणि तीन महिन्यांत काय साधायचं ते आधी ठरवून घ्या. केवळ गृहपाठ उरकून घेणाऱ्या शिकवणीला हे पैसे देऊ नका.

फळा, टायमर, फोल्डर मिळून आठशे रुपयांत बसतात. त्यांच्या जोडीला घरातल्या एका माणसाची रोज रात्रीची दहा मिनिटं लागतात. पहिला महिना डायरी तुम्ही वाचा, दुसऱ्या महिन्यात मुलाला वाचून दाखवू द्या, तिसऱ्यात फक्त शेजारी बसा. "द्यायचं" फोल्डर एक दिवस मूल न सांगता भरेल, त्या दिवशी तेवढ्याचं कौतुक करा. त्या दिवशीचे गुण विचारू नका.