मागून वाजणारी गाडी : पाटे, बुश आणि शॉकअप यांची घरगुती तपासणी

आपल्या सभासदांपैकी काहींच्या दारात अजून जुनी अँबॅसेडर उभी आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बनत होती. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. गाडी दणकट, शेतरस्त्याला सोसणारी, म्हणून लोकांनी जपून ठेवली; पण सुटे भाग आता शोधत फिरावे लागतात. अशा वेळी ‘गाडी मागून वाजतीय, काय ते बघा’ एवढे सांगून ती मेकॅनिकच्या हवाली करणे परवडत नाही. पुष्कळदा होते असे की आधी शॉकअप बदलतात, आवाज तसाच राहतो. मग पाटे उतरवतात, आणि शेवटी दोष निघतो तो मुठीत मावणाऱ्या रबरी बुशात. तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे घरी कसे ओळखावे, ते या लेखात पाहू.

आधी रचना समजून घेऊ. अँबॅसेडरला पुढे टॉर्शन बार आहेत, पण मागे दोन्ही बाजूंना कमानपाटे आहेत. मेन पाट्याची दोन्ही टोके वळवून त्यात बुश बसवलेले असतात. पुढचे टोक बॉडीच्या हँगरला पिनेने पक्के असते. मागचे टोक शॅकलवर झुलते, कारण ओझे पडले की पाटा सपाट होतो आणि लांबीला वाढतो. त्याला सरकायला जागा लागते. मधोमध सर्व पाटे सेंटर बोल्टने एकत्र ओवलेले असतात आणि यू-बोल्टने ते मागच्या ॲक्सलला आवळलेले असतात.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. पाटे म्हणजे केवळ धक्का सोसणारी कमान, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. मागचा ॲक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवणारे दुसरे काहीही या गाडीत नाही. इंजिनचा जोर आणि ब्रेकचा ताण, दोन्ही पाट्यांतूनच बॉडीला पोचतात. म्हणून बुश झिजला की नुसता आवाज होत नाही, तर ॲक्सल थोडा तिरका होतो आणि गाडी मागच्या चाकांनीच वळू लागते. स्टीअरिंग सरळ धरले तरी मागची बाजू डोलते, ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. उसाच्या ट्रॉल्यांना ओलांडून जाताना असे झाले तर काय होईल, ते आम्ही सांगायला नको. घरची माणसे त्याच गाडीत बसलेली असतात.

तपासणी गाडी धुण्याआधी करावी. हे उलटे वाटेल, पण गाडी धुतली की पुरावा जातो. जेथे दोन लोखंडी भाग एकमेकांवर घासतात तेथे तांबूस गंजाची बारीक भुकटी जमते. यू-बोल्टच्या नटाभोवती, शॅकलच्या पट्ट्यांवर किंवा दोन पाट्यांच्या मध्ये अशी भुकटी किंवा घासून चकाकलेली जागा दिसली तर तो भाग हलतो आहे असे समजावे. एवढे पाहून झाल्यावर मग तारेच्या ब्रशने चिखल काढा आणि मेन पाटा वळणाजवळ व सेंटर बोल्टजवळ नीट निरखा, कारण चिरा बहुधा तेथेच पडतात. ताजी चीर आतून करडी, चकचकीत दिसते. जुनी असेल तर आतून गंजलेली असते.

नंतर गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. डिकीतली साखरेची पोती, पाने, जॅक सगळे काढा. चारी चाकांत हवा बरोबर भरा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारी ठिकाणी माप घ्या. मागे एक बाजू खाली असेल तर त्या बाजूचा पाटा बसला किंवा तुटला असण्याचा संभव आहे. पुढचा टॉर्शन बार बसला तरीही गाडी कलते, म्हणून चारी मापे घ्यायची. मग स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. त्यात ठळक फरक आढळला तर यू-बोल्ट ढिले होऊन सेंटर बोल्ट तुटला आणि ॲक्सल जागचा सरकला, ही शंका पहिली घ्यावी. अशी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते, मागून येणाऱ्याला ते चटकन दिसते. ती गाडी चालवत मेकॅनिककडे नेऊ नका, मेकॅनिकलाच दारी आणा.

शॉकअपची परीक्षा सर्वांना ठाऊक आहे : गाडीचा कोपरा दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर येऊन ती स्थिरावली तर ठीक, झुलतच राहिली तर शॉकअप गेला. पण या परीक्षेत एक फसगत आहे. जुन्या गाडीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटतात. मग शॉकअप पार मेलेला असला तरी गाडी झुलत नाही, आणि आपण म्हणतो ‘शॉकअप अजून कडक आहे’. म्हणून शॉकअपवर तेल ओघळले आहे का ते बघा. नळीचा शॉकअप असेल तर खालचे टोक सोडून तो हाताने खेचा आणि दाबा. दोन्हीकडे सलग विरोध लागला पाहिजे. मध्येच पोकळ हिसका लागला तर तो बाद.

बुश तपासताना गाडीचे वजन चाकांवरच हवे. जॅकवर उचललेल्या गाडीत पाटा लोंबतो आणि झिजेची जागा लपते. सर्व्हिसिंगचा खड्डा असेल तर उत्तम. नसेल तर चाकांना पुढून-मागून दगड लावून बाजूनेच हात घाला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. विटा किंवा रचलेले दगड हा आधार नव्हे. पाट्याचे टोक आणि हँगर यांच्यामध्ये टॉमी घालून हलके उचका. रबर थोडे दबणारच, तो दोष नाही. पण लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ‘ठक्’ आवाज आला, पिन मधोमध न राहता एका कडेला टेकलेली दिसली, किंवा रबर पिळून बाहेर आले असेल, तर बुश संपला.

एक खूण मात्र दोन दोषांची सारखीच आहे. गिअर टाकून निघताना आणि रिव्हर्स घेताना मागून ‘ठक्’ वाजते, ते बुशामुळेही असेल आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमुळेही असेल. इंजिन बंद ठेवून, चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवा. क्रॉसच्या दोन बाजूंमध्येच ढिलाई दिसली तर पाट्यांना दोष देऊ नका.

बुश लवकर खराब होण्याचे एक कारण आपल्याच हातचे असते. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जळके ऑइल किंवा डिझेल फवारायची पद्धत आहे. पत्र्याला ते चालेल, पण रबर त्याने फुगते, मऊ पडते आणि पुढे फाटते. फवारायचेच असेल तर बुश व ब्रेकच्या रबरी नळ्या झाकून घ्या. करकर थांबावी म्हणून रबरी बुशाला ग्रीस लावणे हेही तसेच घातक.

दुसरी खोड म्हणजे ओझ्यासाठी जादा पाटा घालणे. गाडी वर उचलते खरी, पण धक्का मग बॉडीवरच्या हँगरवर जातो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, हँगर पत्र्याच्या बॉडीलाच जोडलेला आहे. तेथील पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर बरा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आधी वेल्डिंगवाला गाठा, नवे बुश त्यानंतर.

काम करून घेताना मेकॅनिकला तीन गोष्टी आठवणीने सांगा. पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. काढलेले ताणलेले यू-बोल्ट परत वापरू नयेत. आणि बुशाच्या पिना शेवटच्या आवळायच्या त्या गाडी चाकांवर उतरवल्यावरच, कारण लोंबत्या पाट्यावर आवळल्या तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि थोड्याच दिवसांत फाटते. यू-बोल्टचे नट काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात. त्यासाठी गाडी परत न्यायची तारीख तेव्हाच ठरवून या.