संघ कोणाला राखून ठेवतो?

धुळे, १४ डिसेंबर २०२५

चि. भावेश,



तुझं पत्र मिळालं. सरांनी तुला राइट कव्हरला उभं केलं, एखाद्या सामन्यात उजव्या कोपऱ्यात सरकवलं आणि चढाईला क्वचितच पाठवलं, म्हणून तू नाराज आहेस. चढाईपटूचं नाव होतं, पकड करणारे कुणाच्या खिजगणतीतही नसतात, तेव्हा पुढच्या मोसमात फक्त चढाईच करायची किंवा संघ बदलायचा, असं तू ठरवत आणलं आहेस. ठरवण्याआधी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घे. तुला नावाची हौस आहे यात गैर काही नाही. पण खेळावर पोट भरायचा विचार करणाऱ्या मुलाने कोणासाठी टाळ्या पडतात एवढंच पाहून भागत नाही. मोसम संपल्यावर संघ कोणाला सोडतो आणि कोणाला पुन्हा करारात बांधतो, तेही पाहावं लागतं. ते बारकाईने पाहिलंस, तर समोरच्याला अडवणारा आणि दोन-तीन जागा सांभाळू शकणारा गडी किती मोलाचा असतो हे तुझ्या ध्यानात येईल.

आपल्या जवळचंच उदाहरण घे. पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचा दहावा मोसम जिंकला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. असा संघ पुढच्या लिलावाला सामोरा जातो तेव्हा सगळेच खेळाडू हातात ठेवता येत नाहीत. पैशाची मर्यादा असते आणि नियमांचीही. मग बसून ठरवावं लागतं की कोण गेलं तर चालेल आणि कोण गेलं तर घडीच विस्कटेल. ऑगस्ट २०२४ च्या लिलावाआधी पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते हे तरुण चढाईपटू राखलेच, पण अनुभवी खेळाडूंच्या वर्गात त्यांनी जी नावं राखली ती होती अबिनेश नादराजन आणि गौरव खत्री. एक उजवा कव्हर, दुसरा उजवा कोपरा. तुझ्या सरांनी तुला ज्या दोन जागांवर फिरवलं, नेमक्या त्याच. विजेत्या संघाने हा निर्णय हौसेने घेतलेला नाही, हिशेब मांडून घेतलेला आहे. एकमेकांच्या पावलांची सवय झालेली उजवी बाजू मोडली, तर तीच समज नव्याने जमवायला आख्खा मोसम जातो, हे त्यांना ठाऊक होतं.

या हिशेबाचं मूळ खेळाच्या रचनेतच आहे. कागदावर सात जागा असतात: दोन कोपरे, दोन इन, दोन कव्हर आणि मधला एक. पण सात गडी मैदानावर टिकतात किती वेळ? एक गुण गेला की सहा, आणखी एक गेला की पाच. कोपरा बाद झाला की कव्हरला कोपऱ्यात जावं लागतं, मधल्याला कव्हर व्हावं लागतं. तीन गडी उरले की कोण कुठला याला अर्थच उरत नाही, आणि नेमकी तिथेच अव्वल पकड साधली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. ती हुकली तर सगळा संघ बाद होऊन लोण चढायला वेळ लागत नाही. म्हणजे ज्याला एकच जागा येते तो संघ पूर्ण असतानाच कामाचा, आणि ज्याला तीन जागा येतात तो संघ अडचणीत असतानाही कामाचा. सामना बहुतेक वेळा दुसऱ्या परिस्थितीत ठरतो. सरांनी तुला इकडून तिकडे हलवलं यात तुला अपमान दिसला. मला त्यात विश्वास दिसतो. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला कोणताही प्रशिक्षक अवघड वेळी नव्या जागी उभा करत नाही.

आता ब्लॉककडे, म्हणजे समोर उभं राहून अडवण्याकडे, नीट बघ. चढाई करणारा तुमच्या उजव्या कोपऱ्याला पाय लावायला खोल शिरतो. कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो. घोटा एकट्याच्या हाताने फार वेळ टिकत नाही. चांगला चढाईपटू एका झटक्यात पाय सोडवून मध्यरेषेकडे झेप घेतो, आणि त्याची बोटं रेषेला लागली की धरणाराच बाद. त्या झटक्याच्या आणि झेपेच्या मधल्या क्षणात कव्हरने मध्यरेषा आणि चढाईपटू यांच्यामध्ये उभं राहायचं असतं. गुडघे वाकलेले, भार चवड्यावर, छाती समोर, आणि अंग मागे न जाता पुढे रेटलेलं. अर्धं पाऊल लवकर पडलं तर आपणच अंगावर जाऊन गुण देतो. अर्धं पाऊल उशीर झाला तर कोपऱ्याची मेहनत पाण्यात जाते. गुण कोपऱ्याच्या खात्यात लिहिला जातो आणि कव्हरचं नाव कोणी घेत नाही. पण संघाचे लोक चित्रफीत थांबवून पुन्हा पाहतात तेव्हा तुझं ते पाऊल त्यांना दिसतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात. घडाच्या वजनात ते कोणी मोजत नाही, पण वादळी वारा आला की बाग आडवी झाली की उभी राहिली, हे त्या आडोशावर ठरतं. कव्हरचं काम या जातीचं आहे.

हे कबड्डीपुरतंच नाही. अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात आक्रमणाच्या वेळी पुढच्या फळीत पाच जण असतात, त्यांचं सगळं आयुष्य समोरच्याला अडवण्यात जातं. चेंडू त्यांच्या हातात जवळजवळ येतच नाही, गुणही त्यांच्या नावावर लागत नाहीत. तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या संघांना सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ खेळाडू सज्ज ठेवता येतात, आणि ते करायचं तर त्यांतले किमान आठ या फळीचे असावे लागतात. आता तूच हिशेब कर. पाच जागा, आठ माणसं. म्हणजे राखीव तिघांनी पाच जागांची काळजी वाहायची. प्रत्येक जागेला वेगळा राखीव ठेवणं परवडत नाही. म्हणून मधेही उभा राहू शकणारा आणि कडेलाही टिकणारा गडी मोठा गाजलेला नसला तरी संघ त्याला वर्षावर्षाने पुन्हा करारात घेत राहतात. आपल्याकडेही तेच गणित आहे. सात मैदानात, पाच राखीव. पाच जणांत चढाईही सांभाळायची आणि बचावही. एका माणसात दोन जागा बसत असतील तर प्रशिक्षकाला एक मोकळी जागा मिळते.

तू म्हणशील, मामा, पैसा तर चढाईपटूलाच मिळतो. दहाव्या मोसमाच्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले, हे तुला तोंडपाठ असेल, आणि ते खरंही आहे. पण त्याच लिलावात त्याच्या खालोखाल बोली कोणावर लागली? इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर, २ कोटी ३५ लाख. तो मुळात डाव्या कोपऱ्याचा, पकडीचा माणूस, गरज पडली तर चढाईलाही जाणारा. पुढच्या वर्षी हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षी गुजरातने २ कोटी २३ लाखांना. तीन लिलाव, तिन्ही वेळा दोन कोटींच्या वर. त्यांतल्या पहिल्या मोसमात त्याचा संघ पुणे विजेता ठरला, दुसऱ्यात त्याचा संघ हरियाणा. तुझ्या मनात लगेच येईल की मग त्याच्या संघांनी त्याला सोडलं कशाला. बरोबर आहे, आणि इथे मलाही माझ्या म्हणण्याला एक मर्यादा घालायला हवी. अनेक जागा येणाऱ्याला तोच संघ धरून ठेवील याची हमी नाही. एखाद्याची किंमत इतकी वाढते की जुन्या संघाला झेपत नाही. दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून आपला खेळाडू परत घेण्याची मुभा नियमात आहे, पण त्यालाही खिशात पैसे उरलेले असावे लागतात. हमी आहे ती एवढीच, की असा गडी रिकामा बसत नाही. एकाने सोडला तर दुसरा टिपून असतो.

दुसरी शंका तुझ्या सरांच्या विरोधातली: सगळ्या जागा थोड्याथोड्या शिकलो तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल. ही शंका मी मोडीत काढत नाही, कारण बरीच मुलं खरोखर अशीच वाया जातात. आज कोपरा, उद्या कव्हर, परवा चढाई, आणि कशातच खोली नाही. याउलट मंजीत छिल्लर चढाईचे गुणही आणायचा, पण त्याचं नाव झालं ते पकडीवर. शादलू चढाईला गेला तरी त्याची ओळख कोपऱ्याचीच राहिली. बहुगुणी म्हणवणाऱ्या माणसाला एक जागा अशी लागते, की तिथे त्याला कोणी हलवू शकत नाही. बाकीच्या जागा त्या एकीच्या आधाराने येतात. कव्हरचं पाऊल ज्याला कळलं, त्याला कोपऱ्यातल्याला मदत कधी हवी हे कळतं, आणि चढाईला गेल्यावर समोरचा कव्हर कोणत्या क्षणी पुढे येईल हेही कळतं. म्हणून चढाई सोड असं मी सांगत नाही. पण तुझी पहिली जागा कव्हरची राहू दे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो तुझ्या आधी मीच मांडतो. पलटणने उजवी बाजू राखली, तरी अकराव्या मोसमात ते आठवे आले आणि बाद फेरीतही पोचले नाहीत. मग राखून काय साधलं? एक तर शादलू गेला होता, आणि दुसरं म्हणजे कर्णधार अस्लमच्या गुडघ्याला भर मोसमात दुखापत झाली. बचाव कितीही घट्ट असला तरी गुण आणायला चढाई लागतेच. एकट्या अडवणाऱ्याच्या जोरावर सामना जिंकता येतो असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. पण पुढे काय झालं तेही बघ. एक वर्ष वाईट गेलं म्हणून पलटणने घर मोडलं नाही. खत्री आणि अबिनेश बाराव्या मोसमातही तिथेच होते, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उभी होती. ती दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली, तीन गुणांनी. आठव्या क्रमांकावरून एका वर्षात अंतिम फेरी गाठता आली, त्यामागे टिकवून ठेवलेला हा पाया मोठा होता, असं माझं मत आहे.

आता आपल्या भागाबद्दल. जळगाव-धुळ्याच्या मुलांपुढे प्रो कबड्डी हा एकच रस्ता नाही, आणि तो सोपाही नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्य अजिंक्यपद स्पर्धा, तिथून महाराष्ट्राचा संघ, मग कुठेतरी बोली. वाटेत रेल्वे आहे, पोलीस दल आहे, बँका आहेत, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. यातल्या प्रत्येक दारावर निवड करणारा माणूस एकच गोष्ट विचारतो: हा आला तर आमची कोणती अडचण सुटेल? निवड चाचणीला चढाई करणारी पोरं रांगेने उभी असतात. न घाबरता समोर जाणारे, वेळेवर पाऊल टाकणारे आणि सांगितल्या जागी मुकाट उभे राहणारे मात्र मोजकेच सापडतात. त्या मोजक्यांत तुझं नाव असेल तर तुझी वाट मोकळी आहे.

म्हणून पुढचे सहा महिने असे घालव. सकाळी मैदानावर पहिला अर्धा तास एकच गोष्ट: कोपरा घोटा धरील आणि तू समोर जाशील. एका मित्राला रोज तेच करायला लाव, वेग हळूहळू वाढवा, आणि पाऊल लवकर पडलं की उशिरा हे त्याच्याकडून विचारून घे. मग तीन गड्यांचा बचाव खेळा, प्रत्येक वेळी जागा बदलून. आठवड्यातून दोनदा चढाई कर, पण तुला जो कव्हर जड जातो त्याच्याविरुद्ध. गुडघा आणि खांदा यांच्या व्यायामाला एकही दिवस सुट्टी नको, कारण अडवणाऱ्याचं शरीर आधी तिथेच झिजतं. मॅट मिळाली तर मॅटवर, नाही तर मातीवर. मातीने कोणाचं पाऊल बिघडत नाही. आणि परीक्षेचा अभ्यास बुडवू नकोस. संघाशी असलेला करार हा व्यवहार आहे, नातं नाही; तू उपयोगी आहेस तोवर तो टिकणार, आणि दुखापत कोणाला विचारून येत नाही. हातात पदवी असली की पंचविसाव्या वर्षी लाचार व्हावं लागत नाही.

एवढं करूनही सहा महिने संपताना तुला चढाईच हवी असं मनापासून वाटलं, तर मी तुला अडवणार नाही. पण ते टाळ्यांकडे बघून ठरवू नकोस. आपल्या संघातल्या कोणत्याही अनुभवी गड्याला विचार की अडचणीच्या वेळी शेजारी कोण हवा. त्याने तुझं नाव घेतलं तर जागा बदलू नकोस.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. उत्तर लिही, आणि त्यात सरावाचं लिही.

तुझा,
मामा