बाळाची कार्टुने : जुनी आणि नवी

आमच्या शेजारी दोन वर्षांची एक पोर आहे. तिला जेवायला बसवले की आधी मोबाईल लागतो. कार्टून सुरू झाले की तोंड उघडते. कार्टून थांबले की तोंड मिटते आणि रडे सुरू होते.

परवा तिची आजी मला म्हणाली, "गुरुजी, आमची पोरंसुद्धा टीव्हीवर कार्टून बघूनच मोठी झाली. त्यांना कुठं काय झालं? मग हिलाच असं का?"

प्रश्न रास्त आहे. आपण जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहू.

जुन्यातले 'एक अनेक और एकता' घ्या. विजया मुळे यांनी केलेला हा छोटा चित्रपट १९७४ सालचा. दूरदर्शनवर तो कितीदा तरी लागे. एक ताई मुलांना 'एक' आणि 'अनेक' म्हणजे काय ते समजावते. पाखरे दाणे टिपायला उतरतात आणि जाळ्यात सापडतात. मग सारी मिळून जाळ्यासकट उडतात. उंदीर जाळे कुरतडतात. साताठ मिनिटांत गोष्ट पुरी होते आणि चित्रपट संपतो. मूल उठून खेळायला जाते.

आता मोबाईलवरचे कार्टून लावा. देखावा बदलेपर्यंत एक, दोन, तीन असे सावकाश मोजा. बदलला की पुन्हा एकपासून. मी मोजले. पाचाच्या पुढे क्वचितच गेलो! शिवाय एक गाणे संपते न संपते तोच दुसरे आपोआप सुरू. संपणे म्हणून नाहीच.

अमेरिकेत २०११ साली एका प्रयोगाची हकिकत छापून आली. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाला भरभर पळणारे कार्टून दाखवले. त्यात सरासरी ११ सेकंदांनी देखावा बदले. दुसऱ्या गटाच्या कार्टुनात ३४ सेकंदांनी. तिसऱ्या गटाला चित्रे काढायला बसवले. सारे नऊच मिनिटे. लगेच नंतर मुलांना धीर धरण्याची, नियम लक्षात ठेवण्याची कामे दिली. पहिला गट मागे पडला. बाकीचे दोन सारखेच राहिले. आता, हा परिणाम किती वेळ टिकतो, ते या प्रयोगात तपासलेले नाही.

जुने ते सारे शांत, असेही नाही हं! 'टॉम आणि जेरी' १९४० सालापासूनचे. त्यात नुसती पळापळ आणि आपटाआपट. पण टीव्हीला वेळ ठरलेली असे, आणि भोवती घरचे कोणीतरी बसलेले असे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे : एक वर्षाच्या मुलाला पडदा नको. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून जास्त नको, कमी तितके बरे.

हे मी आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, "सून रानात जाते. माझे गुडघे दुखतात. पोरीमागं कोण धावणार?" तेही खोटे नाही.

तरी त्यांनी जेवणापुरता मोबाईल फळीवर ठेवला. पहिले दोन दिवस पोरीने घर डोक्यावर घेतले. तिसऱ्या दिवशी आजी तिला घेऊन ओट्यावर बसल्या. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता चार घास गेले. आज आठवा दिवस. पोर अजून फळीकडे बोट दाखवते.