पट्ट्यांची साक्ष

प्रस्तावना

माणसाची ओळख पटवण्यासाठी त्याचे छायाचित्र लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. रानातील वाघाचीही ओळख छायाचित्रावरून पटते. ती कशी पटते आणि अशा छायाचित्राचे संपादन करताना कोणती मर्यादा पाळावी लागते, हे या पाठात पाहू.

मूळ पाठ

वाघाचे जवळून छायाचित्र घेणे सोपे नाही. माणसाची चाहूल लागताच तो झाडीत दिसेनासा होतो, आणि त्याच्या फार जवळ जाणे जिवावर बेतू शकते. म्हणून माणसाने दूर राहावे व कॅमेरा वाटेवर ठेवावा, ही युक्ती पुढे आली. इंग्रज वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती वापरली. रानवाटेवर ताणलेल्या तारेला वाघाचा पाय लागला, की छायाचित्र आपोआप टिपले जाई. अशी छायाचित्रे असलेले त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले.

या युक्तीला गणिताची जोड मिळाली ती कर्नाटकात. वन्यजीव शास्त्रज्ञ डॉ. उल्हास कारंत यांनी नागरहोळेच्या जंगलात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघांचा अभ्यास केला.  १९९५ साली त्यांनी वाघांची संख्या छायाचित्रांवरून कशी काढावी, हे मांडले.

प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी निराळी असते. इतकेच नव्हे, तर एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दोन कॅमेरे बसवतात व दोन्ही कुशी एकाच वेळी टिपतात. बिबट्याची ओळख त्याच्या ठिपक्यांवरून पटते.

आता गणित पाहू. समजा, पहिल्या खेपेस दहा वाघांची छायाचित्रे मिळाली. दुसऱ्या खेपेसही दहा मिळाली. त्यांपैकी पाच वाघ आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेतील निम्मे वाघ ओळखीचे होते. यावरून पहिले दहा वाघ हे एकूण संख्येच्या सुमारे निम्मे असावेत आणि रानात वीसच्या आसपास वाघ असावेत, असा अंदाज करता येतो. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असते. तत्त्व मात्र हेच.

पूर्वी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघड झाले. त्याआधीच्या मोजणीत मात्र तेथे वाघ असल्याची नोंद होती! कागदावरचा वाघ रानात नसतो, हा धडा देशाला मिळाला आणि कॅमेऱ्याच्या पुराव्याचे महत्त्व वाढले. २०२२ च्या देशव्यापी गणनेत ३,०८० वाघ छायाचित्रांवरून ओळखले गेले. शिकाऱ्यांकडून जप्त केलेले कातडे कोणत्या वाघाचे, हेही जुन्या छायाचित्रांशी ताडून सांगता येते.

म्हणूनच संपादनात विवेक हवा. काळोखी भाग थोडा उजळणे किंवा चेहरा ठळक दिसावा म्हणून कडा कापणे, यांत गैर काही नाही. परंतु पट्ट्यावर आलेली फांदी पुसून तेथे नवा पट्टा रेखाटला, तर पुरावाच बदलतो. छायाचित्र आरशातल्याप्रमाणे उलटे केले, तर डावी कूस उजवी भासते आणि नसलेला वाघ नोंदीत शिरू शकतो. यास्तव मूळ छायाचित्र, त्याची तारीख व स्थळ जपून ठेवावे आणि संपादन केवळ प्रतीवर करावे. भिंतीवरच्या चित्रात सौंदर्य पुरेसे असते. साक्ष देणाऱ्या चित्रात सत्य आधी लागते.

शब्दार्थ

कूस – शरीराची बाजू
खेप – वेळ, फेरी
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी

पाठगत प्रश्न

१. वाटेच्या दोन्ही बाजूंस कॅमेरे का बसवतात?
२. पहिल्या खेपेस आठ वाघ टिपले गेले. दुसऱ्या खेपेस सहा मिळाले व त्यांपैकी तीन आधीचे होते. एकूण किती वाघ असावेत?
३. ‘कागदावरचा वाघ रानात नसतो’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.