शाळेच्या अंगणातील आंबा आणि भिरूड

खेड्यातील पुष्कळ शाळांचा दिवस अंगणाच्या झाडलोटीने सुरू होतो. मुले आंब्याखालचा पाचोळा गोळा करतात आणि त्याबरोबर बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसाही उकिरड्यावर जातो. झाडाच्या दुखण्याची पहिली खूण तीच असते. ती अशी रोज पुसली जाते आणि एखाद्या पावसाळ्यात फांदी वाळलेली दिसली म्हणजे मग सर्वांचे लक्ष झाडाकडे वळते.

हा भुसा पाडणारा कीटक म्हणजे आंब्याचा खोडकिडा. त्यालाच भिरूड म्हणतात; मात्र लाकूड पोखरणाऱ्या इतर किड्यांनाही लोक हे नाव देतात. याचा भुंगा ४ ते ५ सेंटिमीटर लांब, राखट तपकिरी रंगाचा व लांब मिशांचा असून त्याच्या मानेवर दोन नारिंगी ठिपके असतात. पावसाच्या सुमारास भुंगे बाहेर पडतात आणि रात्री दिव्याकडे येतात. मादी सालीच्या भेगांत व जखमांत एकेक अंडे घालते. अंड्यातून निघणारी पांढरट, बिनपायांची अळी प्रथम सालीखालचा भाग खाते व पुढे लाकडात शिरते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते, हे शिक्षकांनी वर्गात शिकविलेले असतेच. अळीने तो थर खोडाभोवती कुरतडला की मुळे उपाशी पडतात. म्हणूनच पाने पिवळी पडेपर्यंत आतले नुकसान बरेच झालेले असते. अळीचा कोषही लाकडातच होतो आणि एका पिढीस साधारण एक वर्ष लागते.

तपासणीची रीत सोपी आहे. सायंकाळी बुंध्याभोवतीची जागा स्वच्छ झाडावी व सकाळी केरसुणी हाती घेण्यापूर्वी पाहावे. ताजा, ओलसर भुसा दिसल्यास त्याच्या वर कोठेतरी जिवंत अळीचे छिद्र आहे असे समजावे. सालीवर मातीचे पापुद्रे असतील तर ती वाळवी होय. भुसा जाळीत गुंफून त्याचे पट्टे झाले असतील तर ते काम साल खाणाऱ्या अळीचे. हा फरक मुले लवकर शिकतात, किंबहुना ती मोठ्यांपेक्षा बारकाईने पाहतात.

शोध मुलांनी घ्यावा. उपचार मात्र मोठ्या माणसांनी, शाळा सुटल्यावर करावा. सायकलच्या चाकाची तार टोकाशी गळासारखी वाकवून छिद्रात घालावी व अळी ओढून काढावी. ती हाती न लागल्यास रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र ओल्या मातीने लिंपावे. जवळपास विस्तव नसावा. चार दिवसांनी भुसा पुन्हा दिसल्यास तोच उपचार करावा. जुन्या पुस्तकांत यासाठी सांगितलेल्या डायक्लोरव्हॉस या औषधावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. ते कोणी आणून दिले तरी वापरू नये. दुसरे औषध कृषी विभागास विचारल्यावाचून आणू नये. सापडलेली अळी बाटलीत ठेवल्यास फुलपाखराच्या जीवनक्रमाशी तुलना करण्याचा उत्तम पाठ होतो.

काही दोष शाळेचाच असतो. घंटा टांगण्यासाठी बुंध्याला आवळलेली तार, फलकांचे खिळे, झोक्याच्या दोराने सोललेली साल ही सर्व मादीला अंडी घालण्यास सोयीची ठिकाणे होत. बुंध्याला भिडवून सिमेंटचा पार बांधण्याची हौस तर फारच वाढली आहे. अशा पाराआड पडलेले छिद्र कोणास दिसणार? पार व बुंधा यांत मोकळी माती राहू द्यावी. घंटेला खांब रोवावा.

ज्या आंब्याखाली वर्ग भरतो त्याची वाळलेली फांदी हा केवळ झाडाचा प्रश्न नव्हे. खोड ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा मोठी फांदी वाळली, तर त्याच दिवशी वर्ग तेथून हलवावा. झाडाविषयीचा निर्णय मागाहून झाला तरी चालेल. पोखरलेली फांदी शेवटच्या छिद्राच्या खालून, पावसाळ्यापूर्वी जाणत्या माणसाकडून कापून घ्यावी. सबंध झाड तोडण्याची वेळ आल्यास, वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या अधिनियमात आंब्याचा समावेश आहे हे ध्यानात ठेवून परवानगी आधी मिळवावी. कापलेले लाकूड शाळेच्या भिंतीशी रचून ठेवू नये. त्यात अळ्या जिवंत राहतात व त्यांचे भुंगे होऊन मृगाच्या सुमारास बाहेर पडतात. ते फोडून उन्हाळा सरण्यापूर्वीच जळणात घालावे.