वर्गातला खेळ आणि सॉफ्टवेअरचा धंदा

दुसऱ्याची अडचण ओळखावी आणि ती वाजवी दामात दूर करावी, हा व्यापाराचा मूळ पाया होय. आम्ही कापडाच्या धंद्यातले. संगणकाची विद्या आमची नव्हे. तरीही आज या पानावर सॉफ्टवेअरचा विषय घेत आहोत, कारण आपल्या अनेक घरांतली मुले संगणक शिकून तयार होतात आणि मग "काय बनवावे?" या प्रश्नापाशी अडून बसतात. शिक्षकांसाठी बनलेल्या एका सॉफ्टवेअरचा उदय आणि अस्त या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

गेमिफिकेशन म्हणजे काय?

खेळात मुले रमतात, कारण तेथे गुण मिळतात, पायरी चढता येते, साथीदार असतात आणि हरले तरी पुन्हा डाव मांडता येतो. खेळातील या गोष्टी अभ्यासाला जोडणे, याला गेमिफिकेशन म्हणतात. धडा बाजूला ठेवून मुलांना खेळायला सोडणे असा त्याचा अर्थ नाही. धडा तोच, शिक्षक तोच. वर्ग चालवण्याची रीत तेवढी बदलते.

क्लासक्राफ्टची हकिकत

कॅनडातील क्वेबेक प्रांतात शेरब्रुक नावाचे शहर आहे. तेथे शॉन यंग हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते आणि त्यांना वेबसाइट बनवण्याचे कामही येत होते. त्यांनी स्वतःच्या वर्गासाठी एक खेळ रचला. विद्यार्थ्यांच्या लहान टोळ्या केल्या. प्रत्येकाने योद्धा, जादूगार किंवा उपचारक यांपैकी एक भूमिका घ्यायची. सोबत्याला अभ्यासात मदत केली की अनुभवाचे गुण वाढत. उशिरा आले किंवा गृहपाठ चुकला की जीवनगुण कमी होत. मात्र योद्धा आपल्या साथीदाराचे नुकसान स्वतःवर घेऊ शके आणि उपचारक गेलेले गुण भरून देऊ शके. खरी खुबी येथेच होती. एकाच्या चुकीची झळ टोळीला लागत असल्याने मुले एकमेकांना सांभाळू लागत.

२०१३ साली त्यांनी या खेळाची माहिती इंटरनेटवर मांडली आणि ठिकठिकाणच्या शिक्षकांकडून मागणी येऊ लागली. पुढे भाऊ डेव्हिन यांनी चित्रांची आणि वडील लॉरेन यांनी हिशोबाची बाजू घेतली व क्लासक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आपल्या पेढ्यांवर बाप-लेक एकत्र बसतात, तसाच हा प्रकार होता.

२०२३ मध्ये ही कंपनी हॉटन मिफ्लिन हार्कोर्ट या अमेरिकी पाठ्यपुस्तक प्रकाशकाने विकत घेतली. २०२४ मध्ये मूळ खेळ बंद करण्यात आला. नाव राहिले, पण त्या नावाखाली दुसरेच साधन आले. ज्या शिक्षकांनी आपला सारा वर्ग या खेळावर बेतला होता, त्यांना नवी वाट शोधावी लागली.

यातून घेण्याचे धडे

१) गरज जवळून पाहावी. हा माल ऑफिसात बसून सुचलेला नव्हता. रोज वर्गात उभ्या राहणाऱ्याने तो बनवला. आपल्याकडेही सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. तुम्ही शिक्षक नसाल तर एखाद्या शिक्षकाला भागीदार करा.

२) खरे गिऱ्हाईक कोण, ते ठरवावे. शाळेच्या गणवेशाचे कापड विकणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. घालते मूल, पसंत करते शाळा, पैसे देतो बाप. सॉफ्टवेअरचेही तसेच. वापरतो शिक्षक, पैसे देते संस्था, परिणाम होतो मुलावर. तिघांनाही पटले पाहिजे. क्लासक्राफ्टने साधा खेळ फुकट ठेवला होता आणि जादा सोयींना दाम लावला होता. कापडाचा नमुना फुकट, थानाचे पैसे, असा हा हिशोब. मात्र फुकट वापरणाऱ्यांचाही खर्च आपल्याच गल्ल्यातून जातो, हे विसरू नये.

३) आपल्या वर्गाच्या मापाने माल शिवावा. आपल्याकडे एका वर्गात पन्नास-साठ मुले असतात आणि प्रत्येकापाशी संगणक नसतो. नॉर्वेच्या कहूट या प्रश्नखेळात मुलांना किंवा त्यांच्या गटांना उत्तर देण्यासाठी फोन वा संगणक लागतो. याउलट प्लिकर्स हे साधन पाहा. कॅलिफोर्नियातील नोलन एमी या गणिताच्या शिक्षकाने ते बनवले. मुलांच्या हाती फक्त छापील पत्ते असतात. पत्ता ज्या बाजूने वर धरला, ते मुलाचे उत्तर. शिक्षक एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि सर्वांची उत्तरे टिपतो. आपल्या शाळांना अशीच काटकसर परवडेल.

४) बक्षिसाची मात्रा बेताने द्यावी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी चित्र काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणजे आवडीच्या कामाला आधीच मोल लावले की आवड उतरते. त्याचप्रमाणे सर्वांत मागे असलेल्या मुलाचे नाव रोज फळ्यावर तळाशी दिसले, तर ते मूल खेळातूनही जाते आणि अभ्यासातूनही. गुण एकट्याचे न ठेवता टोळीचे ठेवावेत आणि तुलना कालच्या स्वतःशी करावी.

५) मुलांची माहिती ही अमानत आहे. २०२३ मध्ये संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत काही सवलती असल्या, तरी माल विकण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. जी माहिती लागत नाही ती मागूच नये. हजेरी क्रमांकाने काम भागत असेल तर नाव कशाला?

६) दुकान बंद होण्याचा विचार दुकान उघडतानाच करावा. शिक्षकाला आपले प्रश्न आणि गुणांच्या नोंदी केव्हाही उतरवून घेता आल्या पाहिजेत. उद्या कंपनी विकली गेली तरी त्याची मेहनत त्याच्या हाती राहील. ही सोय देणाऱ्यावर भरवसा बसतो आणि बाजारात भरवशालाच किंमत आहे.

सुरुवात कशी करावी?

प्रथम सॉफ्टवेअर लिहूच नये. एक शाळा, एक वर्ग, एक विषय घ्यावा. महिनाभर कागदावर आणि फळ्यावर खेळ चालवावा. शिक्षकाचा रोज किती वेळ गेला, मागे बसणारी मुले बोलू लागली का, गृहपाठ वाढला का, याची वहीत नोंद ठेवावी. कागदावर जो खेळ चालत नाही, तो पडद्यावरही चालणार नाही. चालला, तर ज्या कामात शिक्षकाचा सर्वाधिक वेळ जातो, तेवढ्याच कामाचे सॉफ्टवेअर करावे. ते मराठी आणि उर्दू दोन्हींत असावे, इंटरनेट नसतानाही चालावे. मग दुसऱ्या शाळेत जावे. तेथला शिक्षक पदरचे पैसे द्यायला तयार झाला, तरच तिसऱ्या शाळेचा विचार करावा.

या धंद्यात गोदाम लागत नाही, माल कुजत नाही, पण माणसाची पारख लागते. आपल्या मुलांनी नोकरीचे अर्ज जरूर भरावेत, सोबत जवळच्या शाळेत जाऊन एखाद्या शिक्षकाला एवढेच विचारावे, "सर, तुमचा वेळ नेमका कशात जातो?" मिळेल त्या उत्तरात मोठ्या धंद्याचे बीज असू शकते.