तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड : मंद गतीची कारणे व उपाय

प्रस्तावना

दूरध्वनीची तार मूळची माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकली गेली. ऑक्टोबर २००४ मध्ये भारत सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने ‘डेटावन’ नावाची सेवा सुरू केली. तेव्हापासून याच तारेवरून लक्षावधी घरांत इंटरनेट पोहोचले. पुढे अनेक ठिकाणी फायबरची जोडणी आली. परंतु जेथे तांब्याची तार टिकून आहे, तेथे ‘गती मंद आहे’ ही तक्रारही टिकून आहे. परीक्षेचा अर्ज, नोकरीची जाहिरात, निवृत्तिवेतनाची कामे आता इंटरनेटवर होतात. त्यामुळे मंद गती ही केवळ गैरसोय राहत नाही. तिच्यामुळे संधीही हुकू शकते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• एकाच तारेवरून आवाज आणि माहिती कशी जाते, हे सांगू शकाल;
• गती मंद होण्याची कारणे ओळखू शकाल;
• दोष घरातील आहे की बाहेरील, हे क्रमाने तपासू शकाल;
• योग्य तपशिलांसह तक्रार नोंदवू शकाल.

मूलपाठ

१. एक तार, दोन कामे

दूरध्वनीवरील बोलणे साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ या कंपनसंख्येच्या पट्ट्यात मावते. त्यावरील मोठा पट्टा मोकळाच राहतो. ए.डी.एस.एल. या तंत्रात सुमारे २६ ते ११०४ किलोहर्ट्झ एवढा पट्टा माहितीसाठी वापरला जातो. त्याचा लहान भाग घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला आणि मोठा भाग घरात येणाऱ्या माहितीला मिळतो. कारण सामान्य ग्राहक पाठवतो थोडे आणि मागवतो पुष्कळ. या असमान वाटणीची कल्पना अमेरिकेतील अभियंते जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली.

मोडेम हा पट्टा शेकडो अरुंद कप्प्यांत विभागतो आणि प्रत्येक कप्प्यातील गोंगाट तपासतो. स्वच्छ कप्प्यावर अधिक माहिती लादली जाते, गोंगाटाच्या कप्प्यावर कमी. म्हणूनच तारेत थोडा दोष आला तर इंटरनेट लगेच बंद पडत नाही, ते मंद होते. फोनवरील बोलणे स्पष्ट ऐकू येत असतानाही असे घडू शकते, कारण बिघाड वरच्या पट्ट्यात असतो आणि कानाला तो जाणवत नाही.

२. गती कशामुळे घटते?

(अ) अंतर – कंपनसंख्या जितकी उच्च, तितका संकेत तारेत लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजजवळच्या घरात सेकंदाला ८ मेगाबिटपर्यंत गती शक्य असते. पाच किलोमीटरच्या पुढे सेवा देणेच कठीण होते. हे अंतर नकाशावरचे नसून तारेचे असते. गल्लीबोळांतून वळणे घेत येणारी तार सरळ रेषेपेक्षा बरीच लांब भरते.

(आ) सांधे – एक्स्चेंजमधून निघालेली तार रस्त्यावरील खांबपेटी, इमारतीवरील डी.पी. आणि घरातील रोझेट अशा टप्प्यांनी येते. प्रत्येक टप्प्यावर सांधा असतो. पावसाळ्यात सांध्यात ओल शिरते, तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि फोनवर खरखर सुरू होते.

(इ) घरातील जोडण्या – एकाच तारेला जोडलेले दोन-तीन फोन, गाठी मारून वाढवलेल्या तारा आणि स्प्लिटरशिवाय लावलेला फोन यांमुळे माहितीचा संकेत विखुरतो.

(ई) योजनेची मर्यादा – काही योजनांत ठरावीक माहिती वापरून झाल्यावर महिनाअखेरीपर्यंत गती कमी केली जाते. हा दोष नव्हे, कराराचा भाग आहे. तक्रारीपूर्वी हे पाहून घ्यावे.

३. बिट आणि बाइट

योजनेची गती ‘बिट’मध्ये सांगतात, संगणक मात्र फाइल उतरवताना ती बहुधा ‘बाइट’मध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे २ मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे २५० किलोबाइट दिसले तर गती पूर्ण आहे. हा भेद माहीत नसल्याने अनेक तक्रारी विनाकारण होतात.

४. दीक्षितपुऱ्यातील एक घर

जबलपूरचे दूरसंचाराशी जवळचे नाते आहे. या क्षेत्रातील अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था याच शहरात आहे. याच शहरातील दीक्षितपुरा या जुन्या वस्तीतले एक मराठी घर उदाहरणादाखल कल्पू या. योजना २ मेगाबिटची आहे. मावशीकडे राहून दहावीची तयारी करणाऱ्या भाचीला परीक्षेचा अर्ज भरायचा आहे आणि मुदतीचे चार दिवस उरले आहेत. छायाचित्र जोडताच पान अडकते. फाइल उतरवताना सेकंदाला ५० किलोबाइट, म्हणजे केवळ ४०० किलोबिट गती दिसते.

भाची प्रथम वाय-फाय बंद करून संगणक केबलने मोडेमला जोडते. गती तीच राहते. म्हणजे दोष वाय-फायचा नाही. मग ती विचारते, “मावशी, वरच्या खोलीतला फोन थोडा वेळ काढून ठेवू का?” मावशी म्हणते, “काढ की. तो आपणच मागून जोडला होता, त्याला ती छोटी डबी कुठे लावली होती?” ती ‘छोटी डबी’ म्हणजे स्प्लिटर. सर्व जादा फोन काढून, घरात तार प्रथम येते त्या रोझेटला मोडेम थेट जोडल्यावर गती १.७ मेगाबिट होते. दोष घरातील जोडणीत होता हे सिद्ध झाले. वरच्या फोनला स्प्लिटर लावल्यावर तोही पूर्ववत वापरता येतो आणि अर्ज मुदतीत जातो.

महिन्याभराने पाऊस सुरू होतो आणि गती पुन्हा घटते. या वेळी पहिल्या रोझेटवर, इतर सर्व जोडण्या काढूनही, फोनवर खरखर ऐकू येते. घराची बाजू निर्दोष ठरली. आता दोष बाहेरील तारेत शोधायला हवा. तेथे ग्राहकाने स्वतः हात घालू नये. तक्रार नोंदवणे हाच मार्ग.

५. तक्रार कशी करावी?

‘नेट चालत नाही’ एवढ्याने काम भागत नाही. तक्रारीत पुढील गोष्टी सांगाव्यात : योजनेची गती व प्रत्यक्ष गती, मोजल्याची वेळ, पहिल्या रोझेटवर थेट जोडून पाहिले की नाही, फोनवर खरखर आहे का, आणि मोडेमच्या माहितीपानावरील ‘नॉइज मार्जिन’चा आकडा. हा आकडा १० डेसिबलच्या वर असल्यास तार सामान्यतः ठीक समजावी. ६ च्या खाली गेल्यास जोडणी वारंवार तुटते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक मिळाला पाहिजे. तो लिहून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

लक्षात ठेवा – दूरध्वनीच्या तारेत साधारण ४८ व्होल्टचा दाब असतो आणि घंटी वाजताना तो वाढतो. ओल्या हाताने उघड्या तारांना स्पर्श करू नका. विजा कडाडत असताना मोडेमची दूरध्वनीची तार व विजेचा प्लग दोन्ही काढून ठेवा.

तुम्ही काय शिकलात?

• आवाज व माहिती एकाच तारेवर वेगवेगळ्या पट्ट्यांतून जातात.
• अंतर, सदोष सांधे व घरातील चुकीच्या जोडण्या गती घटवतात.
• एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिल्यास दोष नेमका सापडतो.
• नेमक्या तपशिलांची तक्रार दुरुस्ती करणाऱ्यालाही साहाय्य करते.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा : ४ मेगाबिट गतीच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे किती किलोबाइट माहिती उतरेल?
(क) ४००० (ख) ५०० (ग) ४०

२. एका वाक्यात उत्तर लिहा : फोनवरील आवाज स्पष्ट असूनही इंटरनेट मंद का असू शकते?

३. कारण सांगा : भाचीने प्रथम वाय-फाय बंद का केले?

४. तुमच्या घरातील जोडणी मंद झाली आहे असे समजून सेवा देणाऱ्या कार्यालयास सुमारे दहा ओळींचे तक्रारपत्र लिहा.